सव्वासातला पोचलेली मुलगी

१

अक्का गेली, आणि तिच्या गळ्यातली मोत्यांची माळही गेली. पहिली गोष्ट डॉक्टरांनी सांगितली, दुसरी सुनेने.

अक्का दाराजवळच्या पॅसेजमध्ये पडली होती. सापडली ती सिस्टरला. सिस्टर म्हणजे देखभाल करणाऱ्या संस्थेकडून दिवसपाळीला येणारी पन्नाशीची बाई. अक्काने तिला औषध आणायला पाठवलं होतं. ती चारला गेली आणि पाच वाजून वीस मिनिटांनी आली, तेव्हा सगळं संपलेलं होतं. डॉक्टरांनी तपासलं, वय विचारलं, ऐंशी म्हटल्यावर मान हलवली. "हृदय थांबलं. फार त्रास झाला नसावा," एवढंच बोलून त्यांनी कागदावर सही केली.

म्हणजे कुणी मारलं नव्हतं. पण टेबलावर चहाचे दोन कप होते, आणि झोपतानासुद्धा न काढलेली माळ गळ्यात नव्हती.

सहाच्या सुमारास मुलगा आला. त्याने आधी आईकडे पाहिलं, मग कपांकडे, मग सिस्टरकडे. "पिशवी दाखवा," तो म्हणाला.

सिस्टरने पिशवी टेबलावर उलटी केली. डबा, चष्म्याचं घर, विणकामाच्या सुया, लोकरीचा गुंडा, औषधाची नवी पट्टी. गुंडा घरंगळत जमिनीवर गेला तो उचलायला कुणी वाकलं नाही.

नेमक्या त्या क्षणी अक्काची धाकटी बहीण दारात उभी होती. तिला सगळे मैलमावशी म्हणत. चौतीस वर्षं तिने एका विमान कंपनीत उड्डाणांचे मार्ग आखले होते. कुठून कुठे किती अंतर, वरचा वारा कसा, इंधन किती भरायचं, हे तिचं काम. भाचरं लहान असताना तिला काहीही विचारत, "मावशी, शाळा किती मैल? चंद्र किती मैल?" आणि ती खरोखरच सांगायची. लग्न केलं नाही, स्वयंपाक बेताचा, पण हिशेब पक्का.

तिने वाकून लोकरीचा गुंडा उचलला आणि सिस्टरच्या हातात दिला. 

२

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला दार वाजलं. मावशीनेच उघडलं. दारात भाची, अक्काची मुलगी.

अकरा वर्षांनी ती या घरात पाऊल टाकत होती. पूर्वेकडच्या त्या मोठ्या शहरात ती नोकरीला गेली, वडील आजारी पडले तेव्हा वेळेत आली नाही, आणि भाऊ फोनवर बोलून गेला, "आता यायची गरज नाही." तिने ते शब्दशः घेतलं. तेव्हापासून बहीणभावात फक्त निरोपांची देवाणघेवाण होती, तीसुद्धा आईमार्फत.

"कशी आलीस गं?"

"दादाचा फोन आला आणि रात्रीचं विमान मिळालं. सहाला उतरले." तिने बॅग खाली ठेवली आणि थेट अक्काजवळ जाऊन बसली. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून अशी रडली, की दारात उभा असलेला भाऊ आत यायचा तो मागे फिरला.

दहाला अंत्यविधी झाले. माणसं आली, गेली. सगळ्यांच्या तोंडी एकच, पोरगी एवढ्या लांबून धावत आली बघा.

तिसऱ्या दिवशी भाच्याने सिस्टरला फोन लावला. "दोन दिवस देतो. माळ आणून द्या. नाहीतर पोलिसांत नाव देतो." संस्थेने तर तिला आधीच कामावरून थांबवलं होतं.

मावशी हातातला पेला खाली ठेवून म्हणाली, "ते दोन दिवस मला दे."

"तुला कशाला?"

"माझी बहीण होती. शेवटचा चहा ती कुणाबरोबर प्यायली, ते मला कळायला हवं."

भाचा हसला नाही. चिडलाही नाही. फक्त म्हणाला, "तू म्हणजे ना मावशी!" आणि खोलीत निघून गेला. सिस्टरवर एवढा तापलेला हा माणूस, चहाचं नाव काढताच एवढा थंड कसा पडला, हे मावशीला खटकलं. खटकलेलं तिने बाजूला ठेवलं.

३

वरच्या मजल्यावर शिंपीकाका राहायचे. मशीन केव्हाच विकलं, पण गळ्यात टेप अजून असायची. ते अक्काकडे अधूनमधून चहाला येत, त्यामुळे सुनेला त्यांचाही संशय होता.

"त्या दिवशी नाही हो आलो," काका म्हणाले. "ताईंनीच सकाळी सांगितलं, आज येऊ नका. मी म्हटलं बरं. जरा रागच आला, खरं सांगतो. आता वाटतं, उगाच राग धरला. तेवढंच शेवटचं बोलणं झालं आमचं."

"दुपारी काही ऐकलंत?"

"पाचला दहा कमी असताना खालचं दार लागलं. बातम्यांची वाट बघत होतो, म्हणून वेळ लक्षात. मग कुणीतरी जिन्याने उतरलं. लिफ्ट चालू असताना! मधेच थांबलं, बराच वेळ थांबलं, मग उतरलं."

"पुरुष की बाई?"

"पाय हलके होते. पण एक सांगतो ताई. खालून तिसरी पायरी सैल आहे. पाय पडला की खडखडते. नवखा माणूस असेल तर हमखास. त्या दिवशी ती वाजलीच नाही."

मावशी खाली उतरताना मुद्दाम जिन्याने गेली. तिसरी पायरी खडाड वाजली. ती इतकी वर्षं येत होती, पण नेहमी लिफ्टने. ही पायरी चुकवायची सवय याच इमारतीत वावरलेल्या पायांना असणार.

आणि सून दहा वर्षं याच जिन्याने भाजी आणत होती.

सुनेने मात्र आडपडदा ठेवला नाही. "माझ्यावरही संशय आहे का मावशी? घ्या. सासूबाईंचं आणि माझं फार सख्य नव्हतं, सगळ्यांना माहीत आहे. पण त्या वेळी मी शाळेत चाळीस मुलांना भागाकार शिकवत होते. मुख्याध्यापिका मागच्या बाकावर बसून तपासणी करत होत्या. हवं तर विचारा." मग म्हणाली, "माळ दिसत नाही, हे मी बोलायलाच नको होतं. ह्यांनी त्या बाईची पिशवी उलटी केली तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

४

सिस्टरचं घर म्हणजे एक खोली आणि पुढे चिंचोळी गॅलरी. तिने मावशीला खुर्ची दिली आणि स्वतः कॉटच्या कडेला बसली. आदळआपट नाही, रडारड नाही. विचारलं त्याचं उत्तर देत होती.

"औषध संपलं होतं का?"

"त्या म्हणाल्या, संपलं. आणि कोपऱ्यावरच्या दुकानातलं नको, मोठ्या दुकानातलंच आण. तिथे जायलाच अर्धा तास लागतो. मी म्हटलं, तुम्हाला एकटं कसं टाकू? तर म्हणाल्या, मी काय पाळण्यातलं बाळ आहे? सावकाश ये, म्हणाल्या."

मावशीने सकाळीच अक्काचा खण तपासला होता. त्याच औषधाच्या दोन पट्ट्या तिथे न उघडता पडून होत्या.

"त्या दिवशी तिच्यात काही वेगळं जाणवलं?"

सिस्टरने विचार केला. "केस दोनदा विंचरून घेतले. आणि जेवल्या. नेहमी चार घास खाऊन ताट सरकवायच्या, त्या दिवशी पूर्ण जेवल्या. मला बरं वाटलं होतं." तिने पदराने चष्मा पुसला. "मी परत येताना दहा मिनिटं लेकीशी फोनवर बोलत उभी राहिले. ती दहा मिनिटं राहून राहून आठवतात."

मावशी उठली. म्हणजे अक्काने शिंपीकाकांना येऊ नका म्हणून सांगितलं, सिस्टरला लांब धाडलं, केस विंचरून वाट पाहत बसली. येणारं माणूस आवडतं होतं. आणि ते येणार हे घरात कुणालाच कळू द्यायचं नव्हतं.

संध्याकाळी तिने भाच्याला गाठलं.

"बहिणीला फोन केलास तेव्हा लगेच लागला?"

"सहा-दहाला केला. दोनदा ट्रिंग-ट्रिंग झालं, तिने उचलला. का?"

"आपल्याकडे वाजतो तसं?"

"तसंच. फोन आणखी कसा वाजणार?"

मावशी गेली अकरा वर्षं महिन्यातून एकदा भाचीला फोन करत होती. तिकडे फोन लावला की एक लांबलचक सूर येतो, बोट धक्क्याला लागताना भोंगा वाजावा तसा. ट्रिंग-ट्रिंग कधीच नाही.

"आणि अक्काचा फोन कुठाय रे?"

"माझ्याकडे." तो घाईने म्हणाला. "बंद करून ठेवलाय. लोकांचे सारखे फोन येत होते." बोलताना तो तिच्याकडे नाही, खिडकीकडे पाहत होता.

५

निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी मावशी रोज सकाळी वरच्या वाऱ्यांचा नकाशा पाहायची. लोक राशिभविष्य पाहतात तसा. अक्का गेली त्या सकाळीही पाहिला होता, आणि मनाशी म्हटलं होतं, आज पश्चिमेकडे येणाऱ्यांची खैर नाही.

इथून त्या पूर्वेच्या शहरापर्यंत चार हजार नऊशे किलोमीटर. वाटेत कुठे कमी होत नाहीत की वाढत नाहीत. पण जाताना सव्वापाच तास लागतात आणि येताना सात. थंडीच्या दिवसांत वर पश्चिमेकडून वाऱ्याची नदी वाहते. जाणारं विमान तिच्यावर स्वार होतं, येणारं तिच्यातून छातीने पाणी कापत येतं. नदीला पूर आला, की सातचेही आठ होतात. हे वेळापत्रकात छापलेलं नसतं.

तिने जुन्या कार्यालयात फोन लावला. तिच्या खुर्चीवर आता जो बसायचा, त्याला तिनेच शिकवलं होतं.

"मॅडम, ती रात्र विसरणं शक्य नाही. जास्तीचं इंधन भरायला तिकडेच पस्तीस मिनिटं गेली. मग हवेत सात तास पन्नास. सहाला उतरायचं विमान सात पंचवीसला उतरलं."

"त्या रात्री तिकडून दुसरं विमान?"

"थेट हे एकच. मधे बदलून आलं तर दुपार होते."

"सात पंचवीस. नक्की?"

"मॅडम, तुम्हीच सांगायचात, उतरल्याची वेळ अंदाजाने सांगणाऱ्याने भाजी विकावी."

मावशीने फोन ठेवला. उतरायचं सात पंचवीसला, आणि घराचं दार वाजवायचं सव्वासातला. तिने ते आकडे दोनदा कागदावर लिहिले. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, आपला हिशेब चुकावा.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी भाची अक्काच्या खोलीत कपाट आवरत होती. मावशीने दार लोटून घेतलं आणि पलंगावर बसली.

"तुझं विमान सहाला नाही उतरलं गं. सात पंचवीसला उतरलं. तू त्यात नव्हतीस."

भाचीच्या हातातली शाल तशीच राहिली.

"तू आधीपासून इथेच होतीस. दादाने फोन लावला तेव्हा त्याला इथल्यासारखीच ट्रिंग-ट्रिंग ऐकू आली, तिकडचा तो लांब सूर नाही. अक्काने तुझ्यासाठी सिस्टरला लांब पाठवलं. पाचला दहा कमी असताना तू जिन्याने उतरलीस, आणि सैल पायरी चुकवलीस. लहानपणापासून याच जिन्यावर वाढलीस ना. माळ अक्कानेच दिली ना?"

भाची खाली बसली. बॅगेच्या तळातून तिने रुमालात गुंडाळलेली माळ काढली आणि मावशीच्या मांडीवर ठेवली.

"तीन दिवस आधी आले होते," ती म्हणाली. "स्टेशनजवळच्या हॉटेलात उतरले. दोन दिवस नुसती धीर गोळा करत होते. मग आईला फोन केला. ती म्हणाली, उद्या चारला ये, मी सगळ्यांना वाटेला लावते. हसत होती गं. लहान मुलीसारखी हसत होती."

"मग?"

"तासभर बसलो. तिने माळ काढून माझ्या गळ्यात घातली. मग म्हणाली, दादाला बोलावते, दोघं माझ्यासमोर बसा. मी म्हटलं, त्याला बोलावलंस तर मी आत्ता उठते. ती म्हणाली, बरं बाई, नाही बोलावत. पण त्याची यायची वेळ होत आली होती म्हणून मी उठलेच. जिन्यात थांबले. परत वर जावं असं वाटत होतं. नाही गेले." तिचा आवाज फुटला. "सहा-दहाला दादाचा फोन आला. मी हॉटेलात होते, मावशी. चार किलोमीटरवर. धावत निघाले असते तरी पोचले असते. पण मग विचारलं असतं, तू इथे कशी? आईशी काय बोललीस? मी फोनवर ते एक पान उघडलं. दोन शहरांची नावं टाकली की अंतर आणि वेळ सांगणारं. चार हजार नऊशे किलोमीटर, सात तास. रात्रभर ते पान समोर ठेवून बसले होते. आई इथे, आणि मी तिथे बसून मोजतेय, की मला यायला अजून किती वेळ लागायला हवा."

मावशीने माळ पुन्हा रुमालात गुंडाळली. मग ती म्हणाली, "आणि सिस्टर?"

"रोज ठरवत होते, आज सांगते. मग दादाचं तोंड बघितलं की जीभ टाळ्याला चिकटायची."

"तुझ्या जिभेपायी एका बाईची भाकरी गेली." मावशीचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "मला तरी काय तोंड आहे! अकरा वर्षं दर महिन्याला फोन केला. तिकडे पाऊस आहे का, वारा कसा आहे, सगळं विचारलं. 'ये' असं एकदाही म्हटलं नाही. मला वाटायचं, दोघांच्या मधे कशाला पडा."

दार उघडं होतं. कधी उघडलं कळलं नाही. उंबऱ्यात भाचा उभा होता, आणि त्याने सगळं ऐकलं होतं.

७

भाची उठून उभी राहिली. तो ओरडेल, हात धरून बाहेर काढेल, असं मावशीलाही वाटलं.

त्याने खिशातून अक्काचा फोन काढला. चालू केला. पडद्यावर बोट ठेवून बहिणीसमोर धरला.

"चार बावन्न," तो म्हणाला. "चार त्रेपन्न. चार पंचावन्न. तीनदा केला तिने मला. मी मीटिंगमध्ये होतो. साहेब बोलत होते. मी तीनही वेळा कट केला. म्हटलं, औषधाचं काहीतरी असेल, सिस्टर बघेल."



"तू गेल्या गेल्या तिने मला लावला असणार," तो बहिणीला म्हणाला. "तुला नाही म्हणाली, पण बोलावतच होती. मी उचलला असता तर..." त्याने फोन बंद केला. "डॉक्टर काही का म्हणेनात. मला वाटत होतं, त्या बाईने एकटं सोडलं म्हणून आई गेली. असं वाटायलाच हवं होतं मला. नाहीतर मग मीच उरत होतो."

म्हणून चहाच्या नावाने तो थंड पडला होता. कोण आलं होतं हे शोधलं, की ते तीन फोनही बाहेर येणार होते.

मावशीला वाटलं, आता दोघं एकमेकांजवळ जातील. तसं झालं नाही. भाची पलंगाच्या एका टोकाला बसली, तो दुसऱ्या टोकाला, आणि मधे अक्काच्या घड्या घातलेल्या कपड्यांचा ढीग. दोघंही रडत होते, पण आपापलं.

"उद्या संस्थेत जायचं," मावशी शेवटी म्हणाली. "दोघांनी. जिथे तिचं नाव गेलं, तिथेच जाऊन सांगायचं."

८

संस्थेचं कार्यालय म्हणजे एक लांब खोली. भिंतीला पाळ्यांचा तक्ता, बाकावर कामाची वाट पाहणाऱ्या पाच-सहा बाया. सिस्टरला व्यवस्थापिकेने बोलावून घेतलं होतं. ती बाकाच्या टोकाला पाय जुळवून बसली होती.

भाच्याने घरून काही पाठ करून आणलं असावं. ते तिथे विसरला. "माळ सापडली," तो म्हणाला. "म्हणजे हरवलीच नव्हती. आईनेच माझ्या बहिणीला दिली होती. यांनी काही घेतलेलं नाही. यांना आईनेच बाहेर पाठवलं होतं. मी यांची पिशवी सगळ्यांदेखत उलटी केली. माझं चुकलं."

"मला माहीत होतं," भाची म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. मी बोलले नाही. दादापेक्षा माझं जास्त चुकलं."

बाकावरच्या बाया सिस्टरकडे पाहू लागल्या. व्यवस्थापिका घाईने म्हणाली, "झालं गेलं. उद्यापासून रुजू व्हा तुम्ही. मधल्या दिवसांचा पगारही देऊ."

सिस्टर उभी राहिली. भांडेल किंवा रडेल असं तिच्याकडे पाहून वाटत नव्हतं.

"तुम्ही मला फोन केलात ना दादा," ती म्हणाली, "की दोन दिवस देतो, पोलिसांत नंतर जातो, तेव्हा मी तुमचे आभार मानले होते. आठवतं? मी म्हटलं, फार उपकार झाले. घरात माझी लेक ऐकत होती. फोन ठेवल्यावर तिने मला विचारलं, आई, तू घेतली नाहीस ना, मग उपकार कसले?" तिने पदर सावरला. "मला तिला उत्तर देता आलं नाही. तुमच्यापैकी कुणीतरी घरी येऊन तिला सांगा. मला नको, तिला सांगा. ती सहाला कामावरून येते."

भाची दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने परत जाणार होती. सामान भरायचं राहिलं होतं. तिने भावाकडे पाहिलं. भावाने घड्याळ पाहिलं. साडेतीन झाले होते.

"आम्ही थांबतो," तो म्हणाला.

बाकावरची एक बाई सरकली, मग दुसरी. दोघांना बसता येईल एवढी जागा झाली. सिस्टर तिच्या टोकाला पुन्हा जाऊन बसली आणि कुणाकडेही न पाहता तिने पिशवीतून विणकाम काढलं. मावशी दाराशी उभी होती. सहा वाजायला अडीच तास होते.